कुलवृत्तांतात नसलेली नोंद

गेल्या पावसाळ्यात बेंगळुरूतील जयनगरच्या आमच्या घरी माझ्या चौदा महिन्यांच्या नातवाला ताप आला. दुपारी तापमापक १०२ अंश दाखवत होता. तिन्हीसांजेला त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले आणि अंग झटके देऊ लागले. घड्याळाच्या हिशेबाने हे सारे दोन मिनिटांत आटोपले असावे. आम्हा मोठ्या माणसांना ती वेळ फार दीर्घ वाटली. शेजारच्या बाई फोडलेला कांदा घेऊन धावत आल्या, कुणी तोंडात चमचा घालायला निघाले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत मूल शांत झोपी गेले होते. तिथल्या तरुण बालरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासले, घाबरण्याचे कारण नाही असे सांगितले आणि टिपण लिहिता लिहिता विचारले, ‘‘घराण्यात कुणाला लहानपणी तापात आकडी येत असे का?’’

मुलगा आणि सून माझ्याकडे पाहू लागले. घरात ज्येष्ठ मी, शिवाय इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. घराण्याची माहिती माझ्याकडे असणार हे गृहीतच होते. मी ठामपणे ‘‘नाही’’ म्हणालो. कागदावर ‘कौटुंबिक इतिहास : नाही’ अशी नोंद झाली.

ती नोंद चुकीची होती, हे मला त्याच रात्री कळू लागले. झोप येईना तेव्हा धारवाडच्या जुन्या घरातले न्हाणीघर आठवले. तांब्याचा बंब, चुलाण्याचा धूर, आणि धाकट्या आत्याला आतून कडी लावण्याची असलेली सक्त मनाई. कढत पाण्याचे तांबे भराभर डोक्यावरून ओतले की ती एकाएकी गप्प होई, नजर हरवे, हातातला तांब्या खाली पडे. ‘हिला पाणी लागते’ एवढेच घरातले निदान होते आणि दाराबाहेर बसून राहणारी आजी हा त्यावरचा उपाय.

दुसऱ्या दिवशी मी बेळगावला राहणाऱ्या, वयाची ऐंशी ओलांडलेल्या चुलत बहिणीला दूरध्वनी केला. ‘‘अक्का, आपल्याकडे तापात आकडी कुणाला येत होती काय?’’ ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तुला नाही ठाऊक? तुलाच दोनदा आली होती. दीड-दोन वर्षांचा असशील. काकूंनी आम्हा पोरींना बजावून ठेवलं होतं, बाहेर बोलायचं नाही म्हणून.’’ पुढे तिने आणखी दोन नावे सांगितली. त्यांपैकी एकाला नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत प्रत्येक मोठ्या तापात झटके येत असत. संभाषण संपवताना ती म्हणाली, ‘‘हे कुठं छापू नकोस रे. नातीचं जमवायचं चाललंय.’’

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. मूळ पुरुष कोण, कोणती शाखा कुठे गेली, कोण मामलेदार झाला, कोण मुन्सफ, कुणाला किती अपत्ये झाली, हे सारे त्यात आहे. बऱ्याच नावांपुढे ‘बालपणी निवर्तला’ एवढेच लिहिले आहे. कशाने, ते नाही. कागद काय सांगतो याइतकेच तो काय सांगत नाही हेही वाचावे, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. शासनात साडेतीन दशके काढल्यावर त्यात एका गोष्टीची भर पडते : जे नोंदवहीत नसते, त्यासाठी तरतूदही नसते.

आधी वाचकांची भीती कमी करणे आवश्यक आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर आकडी येणे ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे. शंभरांतील दोन ते पाच मुलांना ती निदान एकदा येते. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना ती पुन्हा येते. झटका संपूर्ण शरीराला आलेला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेला आणि चोवीस तासांत एकदाच आलेला असेल, तर पुढे अपस्मार जडण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा अगदी थोडीच जास्त असते. अशा मुलाला ना मेंदूचा आलेख लागतो, ना स्कॅन, ना जनुकीय चाचणी. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तातडीने रुग्णालय गाठावे. माझ्या नातवाची गोष्ट याच सदरात मोडते.

परंतु काही घराण्यांत ही गोष्ट इथे थांबत नाही. मेलबर्नचे इंग्रिड शेफर आणि सॅम्युएल बर्कोविक या दोन मज्जाविकारतज्ज्ञांनी १९९७ साली एका ऑस्ट्रेलियन घराण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घराण्यातील सुमारे २००० व्यक्तींची वंशावळ उपलब्ध होती. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांच्यापुढे एक भरगच्च कुलवृत्तांतच होता. त्यातील एका शाखेत चार पिढ्यांत २५ जणांना आकडीचा विकार होता, परंतु प्रत्येकाचा प्रकार निराळा. कुणाला केवळ तापातले झटके, कुणाला वयाची सहा वर्षे उलटल्यावरही तापात येणारे, कुणाला तापाविना येणारे, तर एखाद्याला आयुष्य व्यापणारा कठीण अपस्मार. निरनिराळे आजार म्हणून पाहिले जाणारे हे प्रकार वास्तविक एकाच मुळाच्या फांद्या आहेत, असे त्या दोघांनी मांडले. या लक्षणसमूहाला आज ‘जेनेटिक एपिलेप्सी विथ फेब्राईल सीझर्स प्लस’, संक्षेपाने ‘गेफ्स प्लस’, म्हणतात.

त्यानंतरच्या चार वर्षांत मुळाचाही शोध लागू लागला. १९९८ मध्ये एससीएन१बी, २००० मध्ये एससीएन१ए आणि २००१ मध्ये जीएबीआरजी२ या जनुकांतील बदल अशा घराण्यांत आढळले. मेंदूतील पेशींचा संदेश म्हणजे विजेची सूक्ष्म लाट. ती निर्माण होते पेशीच्या आवरणातील दरवाजांतून सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. पहिली दोन जनुके हे दरवाजे घडवतात, तिसरे जनुक संदेशाला लगाम घालणाऱ्या यंत्रणेचा एक भाग घडवते. दरवाजा किंवा लगाम किंचित सदोष असेल तर एरवी सारे सुरळीत चालते. अंगात ताप चढला की तोल जातो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून असा बदल मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. मात्र बदल आला म्हणून आकडी येईलच असे नाही. त्यामुळे हा विकार पिढी गाळून आल्यासारखा भासतो आणि घरातल्यांना ‘आपल्याकडे असे काही नाही’ असे प्रामाणिकपणे वाटू शकते. शिवाय अशा घराण्यांपैकी फार थोड्या घराण्यांतच चाचणीतून एखादे निश्चित जनुक हाती लागते. एससीएन१एचा वाटा जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

याच एससीएन१ए जनुकाच्या दुसऱ्या टोकाला एक भीषण आजार आहे. फ्रान्सच्या डॉ. शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले. निरोगी बाळाला पहिल्या वर्षातच तापात दीर्घकाळ चालणारे, कित्येकदा शरीराच्या एकाच बाजूला येणारे झटके सुरू होतात. पुढे ताप नसतानाही येतात, औषधांना दाद देत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षापासून मुलाची वाढ मंदावते. अशा बहुतांश मुलांत एससीएन१एमध्ये मोठा बिघाड असतो, हे २००१ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी दाखवले. हा बिघाड बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो. त्या मुलातच नव्याने घडलेला असतो. घराण्यात काही नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही, आणि घराण्यात आहे म्हणून हवालदिल होण्याचेही कारण नाही, हे दोन्ही धडे एकाच जनुकाने दिले आहेत.

हा शास्त्रीय तपशील देण्याचे कारण धोरणाशी संबंधित आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आकडीवर सहज मिळणाऱ्या औषधांत फेनिटॉइन आणि कार्बामाझेपाइन ही दोन नावे वरच्या बाजूला आहेत. ती स्वस्त आहेत आणि असंख्य रुग्णांचे आयुष्य त्यांनी सावरले आहे. मात्र ही औषधे सोडियमचे दरवाजे रोखून काम करतात. द्राव्हेच्या मुलात मेंदूला आवर घालणाऱ्या पेशींचे दरवाजे आधीच दुबळे झालेले असतात. तिथे हीच औषधे झटके वाढवू शकतात. म्हणजे ज्या मुलाला योग्य निदानाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच नेहमीचा उपचार अपाय करू शकतो. इथे जनुकीय निदानामुळे थेट औषध बदलते.

दुसरा मुद्दा लसीकरणाचा. लस दिल्यानंतर ताप येतो, तापात पहिला झटका येतो आणि सारा दोष लशीच्या माथी जातो. बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लशीमुळे मेंदूला इजा झाल्याचे मानल्या गेलेल्या १४ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११ जणांत एससीएन१एमधील बदल सापडला. लशीनंतरचा ताप हे निमित्त होते, मूळ कारण जन्माआधीचे होते. एखाद्या खेड्यात असा एक प्रसंग घडला आणि त्याचे नीट स्पष्टीकरण मिळाले नाही, तर त्या गावातील लसीकरण किती मागे पडते हे क्षेत्रीय कामाचा अनुभव असलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

आता आत्याच्या न्हाणीघराकडे वळतो. कारण या विषयात बेंगळुरूचे स्थान जगात आगळे आहे. गरम पाण्याने येणाऱ्या आकडीची पहिली नोंद १९४५ साली न्यूझीलंडमधील. परंतु तिचा खरा अभ्यास झाला तो दक्षिण कर्नाटकात. बेंगळुरूचे ज्येष्ठ मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा १०८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. १९८८ मध्ये निम्हान्सचे डॉ. पी. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी २७९ रुग्णांचा अभ्यास मांडला. या भागातील स्नानाची रीत त्यामागे आहे. चाळीस ते पन्नास अंश तापलेले पाणी हंड्यातून चंबूने घेऊन डोक्यावर भराभर ओतायचे, हा आठवड्याचा नेम. आपल्याकडील अभ्यंगस्नान फारसे निराळे नाही. मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, हा विकार अधिक आढळतो आणि यांतील काहींना लहानपणी तापातली आकडीही आलेली असते. कित्येकांना कोमट पाणी वापरल्याने आराम पडतो. काहींना डॉक्टर स्नानापूर्वी घेण्याचे औषध देतात. द्राव्हेच्या मुलांनाही ऊन पाण्याच्या स्नानाने झटके येतात, असे जपानमधील डॉक्टरांनी नोंदवले आहे. ताप आतून चढो वा उष्णता बाहेरून येवो, काही मेंदूंना ती सोसत नाही.

बेंगळुरूच्याच उत्तर टोकाला, जक्कूर येथे, जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तिथले प्रा. अनुरंजन आनंद यांच्या प्रयोगशाळेने निम्हान्सच्या साहाय्याने अशा घराण्यांच्या वंशावळी उभ्या केल्या. त्यांतून २००९ मध्ये गरम पाण्याच्या आकडीशी निगडित असे दोन जनुकीय प्रदेश, एक दहाव्या आणि एक चौथ्या गुणसूत्रावर, निश्चित झाले. त्याआधी २००८ मध्ये याच गटाने दक्षिण भारतातील एका मोठ्या अपस्मारग्रस्त घराण्याच्या अभ्यासातून कॅल्शियमची जाणीव ठेवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाकडे लक्ष वेधले होते. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, काळे केलेले चिन्ह म्हणजे आकडी येणारी व्यक्ती, अशा या आकृत्या पाहताना मला वाटले, की आमच्या कुलवृत्तांताची गाळलेली पाने कुणीतरी भरून काढत आहे.

इथे कुणी विचारील, की ज्या देशात साध्या गोळ्या अनेकांपर्यंत पोहोचत नाहीत, तिथे जनुकांची चर्चा हवीच कशाला? आक्षेप रास्त आहे. गौरी देवी, गुरुराज आणि सतीशचंद्र यांनी बेंगळुरू शहर व भोवतालच्या ग्रामीण भागात १,०२,५५७ लोकांची घरोघर पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत हजारी ८.८ लोकांना अपस्मार आढळला आणि ग्रामीण भागातील प्रमाण शहरापेक्षा सुमारे दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे; योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. तरीही गरीब देशांत चारांपैकी तिघे उपचारापासून वंचित आहेत. चामराजनगर जिल्ह्यातील यळंदूर तालुक्यात डॉ. मणी यांनी फिनोबार्बिटल आणि फेनिटॉइन या स्वस्त औषधांवर गावपातळीवर अपस्मार आटोक्यात आणता येतो हे दाखवून दिले. तो अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पहिले कर्तव्य हेच आहे, यात शंका नाही.

परंतु घराण्याचा इतिहास विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. तो प्रश्न फुकट आहे. अडचण निराळीच आहे : त्याचे खरे उत्तर मिळत नाही. उत्तर का मिळत नाही, हे समजून घ्यायचे तर कायद्याचा इतिहास पाहावा लागतो.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या पाचव्या कलमातील विवाहाच्या अटींत १९७६ च्या दुरुस्तीने ‘वेडाचे वा अपस्माराचे वारंवार येणारे झटके’ नसावेत अशी अट घालण्यात आली. विशेष विवाह कायद्यातही तेच शब्द आले. अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण झाले, आणि तेही वेडाच्या पंगतीला बसवून. ‘अपस्मार’ हा शब्द वगळायला १९९९ ची दुरुस्ती यावी लागली. पूर्ण तेवीस वर्षे राज्यसंस्था या आजाराला लपवण्याचे कारण पुरवत होती. माझ्या आईने पोरींना दिलेली ताकीद या दुरुस्तीच्या पुष्कळ आधीची. म्हणजे कायद्याने समाजाची भीती निर्माण केली नाही, तिच्यावर शिक्का मारला. शिक्का पुसून पाव शतक उलटले, तरी ऐंशी पार केलेल्या माझ्या बहिणीला नातीच्या स्थळाची काळजी वाटतेच.

विवाहाच्या बाजारातून कायदा मागे हटला, विम्याच्या बाजारातून तितका हटलेला नाही. आरोग्य विम्यातून कोणत्या बाबी वगळता येतील याचे प्रमाणीकरण करणाऱ्या विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, विमा घेतेवेळी असल्यास कायमचे वगळता येतील अशा १६ आजारांची यादी होती. अपस्माराचे नाव तिच्यात तिसरे होते. जनुकीय विकार असे मोघम कारण देऊन दावा नाकारणे हा भेदभाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. अमेरिकेने जनुकीय माहितीच्या आधारे आरोग्य विमा आणि नोकरी यांत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा २००८ मध्ये केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा निराळा वर्गच नाही. आपला जनुकीय आराखडा आणि आपला दूरध्वनी क्रमांक त्यात एकाच मापाने मोजले जातात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने २१ प्रकारांची दखल घेतली, परंतु त्या यादीत अपस्माराला स्वतःचे स्थान मिळाले नाही.

माझ्या म्हणण्यातला पेच वाचकांच्या लक्षात आला असेल. नोंद नसेल तर मुलाला चुकीचे औषध मिळू शकते. नोंद असेल तर त्याच मुलाचा विमा, नोकरी, विवाह अडचणीत येऊ शकतो. कुटुंबे मौन बाळगतात ती अज्ञानामुळे, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. माझी आई अज्ञानी नव्हती. तिने हिशेब केला होता, आणि तिच्या काळात तो चुकीचा नव्हता. शासनाचे काम लोकांना बोलते करण्यापूर्वी बोलण्याची किंमत कमी करणे हे आहे.

यासाठी नवी योजना, नवे संचालनालय, नवा लोगो यांपैकी कशाचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुले तपासतात आणि तपासायच्या विकारांच्या यादीत आकडीचा समावेश पहिल्यापासून आहे. त्या तपासणीत काही नेमके प्रश्न घालता येतील : पहिला झटका वर्षाच्या आत आला का? पंधरा मिनिटांहून अधिक चालला का? शरीराच्या एकाच बाजूला होता का? सहा वर्षांनंतरही तापात झटके येतात का? ऊन पाण्याच्या स्नानाने येतात का? भावंडे, आई-वडील, आत्या, मामा, आजी-आजोबा यांपैकी कुणाला येत होते का? यांतील धोक्याची उत्तरे आलेल्या मुलालाच जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवायचे, आणि तिथून निवडक मुलांना वैद्यकीय महाविद्यालयाकडे. चाचणी सर्वांची करायची नाही. जिच्या उत्तरामुळे उपचार बदलेल, तीच करायची आणि ती सरकारी खर्चाने करायची. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये ‘उम्मीद’ उपक्रमातून आनुवंशिक विकारांसाठी निदान केंद्रांची सुरुवात केली आहे. बालवयातील अपस्मार हा त्यांच्या कामाचा नियमित भाग व्हावा. चाचणीचा कागद हातात देण्याआधी व नंतर आई-वडिलांशी त्यांच्या भाषेत बोलणारा समुपदेशक असावा. अन्यथा अहवालाचा अर्थ सासर-माहेरच्या भांडणात लावला जातो आणि बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. वास्तविक जनुक बापाकडूनही तितक्याच सहजतेने येते.

दुसरी गरज भारतीय संदर्भाची. एखाद्या मुलात सापडलेला बदल घातक आहे की आपल्या लोकांत सर्रास आढळणारा निरुपद्रवी फरक आहे, हे ठरवायला आपल्याच लोकसंख्येचा आधार लागतो. युरोपीय माहितीवरून काढलेला निष्कर्ष फसू शकतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने देशभरातील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जनुकीय आराखडे तयार केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांसाठी खुले झाले. करदात्यांच्या पैशातून उभा राहिलेला हा साठा तालुक्याच्या मुलाच्या निदानापर्यंत पोहोचला तरच त्या खर्चाचे चीज झाले असे म्हणता येईल.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत निकडीची गरज कायद्याची. घराण्याचा आजार किंवा जनुकीय अहवाल यांच्या आधारे विमा, नोकरी आणि शिक्षण यांत भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई हवी. अशी माहिती कुटुंबाच्या लेखी संमतीवाचून उपचाराबाहेर वापरता येऊ नये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अपस्मार व अन्य मज्जाविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा स्वीकारला. भेदभाव करणारे कायदे दूर करणे, हेही त्यातले एक आवाहन आहे. आपण १९९९ मध्ये एक शब्द वगळून सुरुवात केली होती. काम अजून अर्धे आहे.

माझ्या नातवाबद्दल सांगायचे तर तो ठणठणीत आहे. पुढच्या भेटीत मी बालरोगतज्ज्ञ बाईंना अक्काकडून कळलेले सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की एवढ्यावरून कोणत्याही लक्षणसमूहाचे नाव घेता येत नाही. आत्याचा विकार आणि बाळाची आकडी यांचा संबंध असेलच असे नाही. चाचणीची आज गरज नाही. लसी वेळेवर द्या, ताप आला की लक्ष ठेवा, सहा वर्षांनंतरही झटके आले किंवा तापाविना आले तर मात्र या कागदासह मज्जाविकारतज्ज्ञांकडे जा. मग त्यांनी जुनी नोंद खोडून त्याखाली नव्याने चार ओळी लिहिल्या.

अक्काची अट मी पाळली आहे. या लेखातील नाती आणि गावे मी थोडी बदलली आहेत, तिच्या नातीला कुणी ओळखू नये म्हणून. २०२० चे दशक अर्धे सरल्यावरही मला ही काळजी घ्यावी लागली, हेच या लेखाचे प्रयोजन समजावे. कुलवृत्तांताची आमच्या घरातली प्रत मी मुलाच्या स्वाधीन केली आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी माझ्या हाताने पाच नावे लिहिली; पहिले माझे आहे.